एनबीएमधील गैरव्यवहार पत्रकारांच्या हाती कसे लागतात?

पत्रकारितेचे शिक्षण घेणाऱ्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे एनबीएकडे, एवढा पैसा, एवढे वकील आणि एवढे जनसंपर्क अधिकारी असताना तिथले गैरव्यवहार पत्रकारांच्या हाती लागतात तरी कसे, हा पहिला प्रश्न. लीग स्वतःच नामांकित वकील नेमून चौकशी करते, मग पत्रकाराच्या शोधाला वेगळे मोल काय उरते, हा दुसरा. न्यायालयीन आणि कंपन्यांच्या कागदपत्रांवर आधारित शोधपत्रकारिता मी बरीच वर्षे केली आहे, आणि बास्केटबॉल आवडीचा असल्याने या प्रकरणांचे जे जे कागद सार्वजनिक झाले ते सवडीने वाचत आले आहे. त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे.

मोठ्या बातम्यांबद्दल सर्वसाधारण समज असा असतो की एखादा असंतुष्ट माणूस रात्री फोन करतो आणि बातमीदार सकाळी ते छापतो. असे फोन येतात, पण त्यांवर बातमी उभी राहत नाही. एनबीएच्या वर्तुळात अफवांना तोटा नाही. कोणत्या मालकाने कोणत्या खेळाडूला कराराबाहेर काय देऊ केले याच्या कहाण्या एजंट आणि संघांचे अधिकारी एकमेकांना सर्रास सांगत असतात. जे सर्वांना ठाऊक आहे आणि जे छापता येते, यांतले अंतर आजवर अनेकदा अशा कागदाने भरून काढले आहे की जो बास्केटबॉलच्या कामासाठी तयारच झालेला नव्हता. दोन एजंटांच्या भांडणातली फिर्याद, बुडालेल्या कंपनीच्या धनकोंची यादी, माफिया टोळीवरील पाळत, सट्टा घेणाऱ्या कंपनीची नोंद असे हे कागद असतात. त्यामुळे कोण बोलेल हे शोधण्याआधी, या व्यवहाराची नोंद आणखी कोणाला आणि कोणत्या कारणाने ठेवावी लागली असेल, हे बातमीदाराने शोधावे, असे माझे मत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जो स्मिथचे प्रकरण. ते समजण्यासाठी एक नियम माहीत असावा लागतो. एनबीएत प्रत्येक संघाच्या वार्षिक वेतनखर्चाला मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. मात्र ठरावीक काळ आपल्याकडे असलेल्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करताना संघाला ही मर्यादा ओलांडण्याची सवलत मिळते. या सवलतीतच मोहाचे मूळ आहे. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या स्मिथने जानेवारी १९९९ मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्हज संघाशी केवळ १७.५ लाख डॉलरचा एक वर्षाचा करार केला. त्याच्या दर्जाच्या खेळाडूसाठी ही रक्कम संशय यावा इतकी कमी होती. पडद्याआड ठरले होते ते असे की एकेक वर्षाचे तीन करार स्वस्तात करायचे आणि सवलत लागू झाली की ८.६ कोटी डॉलरपर्यंतचा दीर्घ करार द्यायचा.

हे बाहेर कसे आले? संघात कोणी फितूर झाला नव्हता आणि कोणा बातमीदाराने माग काढला होता असेही नाही. स्मिथचे काम पाहणारे एजंट एरिक फ्लायशर यांचे सहकारी अँड्र्यू मिलर वेगळे झाले आणि जाताना काही ग्राहक खेळाडू सोबत घेऊन गेले. फ्लायशर यांनी त्यांच्यावर दावा लावला. आणि त्या दाव्यात दोन्ही बाजूंनी एकमेकांना कागदपत्रे दाखवण्याचा टप्पा आला तेव्हा गुप्त समझोत्याचा कागद पुढे आला. असा समझोता लिहून ठेवण्याइतका निष्काळजीपणा कोणी करील का, असे बाहेरच्याला वाटते. पण लेखी काही नसेल तर तीन वर्षांनी मालक शब्द फिरवील, ही भीती खेळाडूच्या बाजूला असतेच, आणि म्हणून कागद होतोच. बेकायदा व्यवहारातल्या माणसांचा एकमेकांवर विश्वास नसतो, याचा फायदा आमच्या व्यवसायाला सतत होत आला आहे.

आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी २००० साली संघाला ३५ लाख डॉलर दंड केला, पहिल्या फेरीतील पाच ड्राफ्ट निवडी काढून घेतल्या (त्यांतल्या दोन पुढे परत दिल्या) आणि स्मिथचा करार रद्द ठरवला. संघमालक ग्लेन टेलर यांच्यावरही निलंबनाची कारवाई झाली. पाच वर्षे येणाऱ्या नव्या दमाच्या खेळाडूंवर पाणी सोडणे म्हणजे संघाची एक पिढी गमावणे, आणि ती शिक्षा इतकी जबर होती की पुढे प्रत्येक संघाच्या वकिलाने ती पाठ केली असणार.

सप्टेंबर २०२५ मध्ये पत्रकार पाब्लो टोरे यांनी आपल्या पॉडकास्टमधून लॉस एंजेलिस क्लिपर्स हा संघ आणि त्याचा खेळाडू कवाय लेनर्ड यांच्याविषयी जे प्रसिद्ध केले, त्याची नाळ थेट स्मिथ प्रकरणाशी जुळते. अ‍ॅस्पिरेशन नावाची एक वित्त कंपनी होती. ग्राहकांच्या खर्चातून झाडे लावण्याची, पर्यावरणपूरक बँकिंगची स्वप्ने ती विकत असे. क्लिपर्सचे मालक आणि मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २०२१ मध्ये तिच्यात ५ कोटी डॉलर गुंतवले आणि त्याच सुमारास संघाने तिच्याशी २३ वर्षांसाठी ३० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा प्रायोजकत्वाचा करार जाहीर केला. पुढे कंपनी कोसळली, मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, आणि गुंतवणूकदार व कर्जदात्यांची २४.८ कोटी डॉलरची फसवणूक केल्याचा गुन्हा सहसंस्थापक जोसेफ सॅनबर्ग यांनी कबूल केला.

दिवाळखोरीच्या अर्जासोबत धनकोंची यादी जोडावी लागते. त्या यादीत ७० लाख डॉलर येणे असलेली ‘केएल२ अ‍ॅस्पायर’ नावाची एक कंपनी होती. के आणि एल ही लेनर्डची आद्याक्षरे आणि २ हा त्याच्या जर्सीचा क्रमांक. खेळाची पाने पाहणाऱ्या बातमीदाराला असल्या यादीकडे पाहण्याचे कारणच नसते आणि दिवाळखोरी पाहणाऱ्या बातमीदाराला जर्सीचा क्रमांक आठवत नाही. या प्रकरणाचा उलगडा या दोन खात्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत झाला. अमेरिकेतील संघीय न्यायालयांची अशी कागदपत्रे ‘पेसर’ या सरकारी व्यवस्थेतून पानाला १० सेंट भरून कोणालाही पाहता येतात. जाता जाता सांगते, आपल्याकडेही नादारी व दिवाळखोरी संहितेखाली चाललेल्या प्रकरणांत धनकोंच्या याद्या प्रसिद्ध कराव्या लागतात, पण मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा विभागात त्या कोणी उघडून पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यादीतले नाव ही केवळ सुरुवात होती. टोरे यांनी मूळ करार मिळवला. त्यात चार वर्षांत २.८ कोटी डॉलर देण्याचे ठरले होते. जाहिरातीच्या बदल्यात खेळाडूने काय करावे याची यादी होती, पण त्यातले काहीही नाकारण्याची मुभाही त्याला होती. आणि खेळाडू क्लिपर्समध्ये राहिला नाही तर करार संपुष्टात येईल, असे कलम होते. लेनर्डने या कंपनीची जाहिरात केल्याचे कुठेही आढळले नाही. वित्त विभागातील एका माजी कर्मचाऱ्याने आवाज बदलून असे सांगितले की हा करार सॅलरी कॅप चुकवण्यासाठी असल्याचे आपल्याला कार्यालयात ऐकवण्यात आले होते. पुढच्या भागांत टोरे यांनी असेही दाखवले की डिसेंबर २०२२ मध्ये संघाचे एक अल्पांश मालक डेनिस वाँग यांनी अडचणीत आलेल्या या कंपनीत सुमारे २० लाख डॉलर घातले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीने लेनर्डला १७.५ लाख डॉलर चुकते केले. संघाने, बामर यांनी आणि लेनर्डने गैरप्रकाराचा आरोप नाकारला आहे. बामर यांचे म्हणणे असे की संघाचा प्रायोजकत्वाचा करार आधीच झाला होता, त्यानंतर आपण फक्त ओळख करून दिली आणि या कंपनीने आपल्यालाही फसवले.

या कामाची रचना विद्यार्थ्यांनी बारकाईने अभ्यासावी, कारण यात करार, पैशाची तारीखवार नोंद आणि माणसाची साक्ष अशा तीन प्रकारचा पुरावा एकमेकांना टेकून उभा आहे. नुसती साक्ष असती तर एका नाराज कर्मचाऱ्याची बडबड म्हणून ती झटकता आली असती. नुसता करार असता तर श्रीमंत कंपनीची उधळपट्टी म्हणता आले असते, आणि त्या काळात नवउद्यमांनी त्याहून मूर्ख खर्च केलेले आहेत. नुसत्या तारखा असत्या तर योगायोग म्हणता आला असता. एवढे होऊनही मालकाच्या मनातला हेतू कागदावर उमटत नाही, आणि वाचकाने हे ओळखून राहिले पाहिजे. मालकाने सांगितले म्हणून कंपनीने पैसे दिले, असे दर्शवणारा थेट आदेश या प्रसिद्ध झालेल्या साहित्यात नाही.

येथेच दुसऱ्या प्रश्नाचा धागा लागतो. एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारात सॅलरी कॅप चुकवण्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात असे स्पष्ट म्हटले आहे की असा गैरप्रकार परिस्थितिजन्य पुराव्यानेही सिद्ध करता येईल. एखादा व्यवहार नियमभंगाशिवाय तर्काने समजूच शकत नसेल, तर तेवढेही पुरावा म्हणून धरता येईल. नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की जो स्मिथसारखा लिखित समझोता दर वेळी सापडणार नाही. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी, सिद्ध करण्याची जबाबदारी लीगवर आहे आणि केवळ गैरप्रकाराचा भास होतो म्हणून कारवाई करण्यास आपण कचरू, अशा आशयाची भूमिका मांडली. न्याय्य प्रक्रियेच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. पण नियमाची भाषा आणि आयुक्तांची भाषा यांत जे अंतर आहे ते कोणीतरी वाचकाला दाखवावे लागते, आणि लीगचा अहवाल लिहिणारा वकील ते दाखवणार नाही.

त्या वकिलांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. क्लिपर्सच्या चौकशीसाठी लीगने न्यूयॉर्कमधील वॉचटेल, लिप्टन, रोझेन अँड कॅट्झ या संस्थेची नेमणूक केली. हीच संस्था २०१४ मध्ये डोनाल्ड स्टर्लिंग आणि २०२१-२२ मध्ये रॉबर्ट सार्व्हर या तत्कालीन संघमालकांच्या चौकशीत होती, आणि पंच टिम डोनाही यांच्या प्रकरणाचा २००८ चा अहवाल लिहिणारे लॉरेन्स पेडोविट्झ हेही याच संस्थेतले. संस्थेच्या प्रामाणिकपणाविषयी मला काहीही सुचवायचे नाही; ती अमेरिकेतील अत्यंत मानाची विधी संस्था आहे. परंतु चौकशीची व्याप्ती ठरवणारा, शुल्क देणारा आणि निष्कर्षावर शिक्षा ठरवणारा पक्ष एकच, आणि आयुक्तांना नेमणारे व पगार देणारे म्हणजे ज्यांची चौकशी व्हायची ते संघमालकच. अशा चौकशीत घटना बहुधा खऱ्या निघतात. त्या घटनांचा अर्थ काय लावायचा तिथे पाणी मुरते.

फिनिक्स सन्सचे तेव्हाचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांचे प्रकरण याची साक्ष देते. येथे भलत्या कामासाठी तयार झालेला सोयीचा कागद नव्हता, म्हणून ईएसपीएनचे बॅक्स्टर होम्स यांना माणसांकडेच जावे लागले आणि संघाच्या ७० हून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी ते बोलले. असे काम बाहेरून सोपे वाटते, पण सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो. एकच प्रसंग, एकमेकांच्या संपर्कात नसलेल्या दोघा-तिघांकडून, त्यांना आधी काही न सुचवता, स्वतंत्रपणे वदवून घ्यायचा. त्या दिवशी घरी किंवा सहकाऱ्याला त्यांनी काय सांगितले होते ते विचारायचे. त्या वेळचा ईमेल, मनुष्यबळ विभागाकडील तक्रार, बैठकीचे निमंत्रण असे काही हाती लागते का ते पाहायचे. गोपनीयतेच्या करारावर सही केलेल्या माणसाला त्याचे धोके आपणहून समजावून सांगायचे. आणि शेवटी सगळे आरोप एकेक करून संबंधितांच्या वकिलांपुढे ठेवून उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यायचा. हा शेवटचा टप्पा धोक्याचा असतो, कारण समोरचा पक्ष बातमीच्या आधीच खुलासा करून मोकळा होतो. सन्सच्या बाबतीत तेच झाले: लेख ४ नोव्हेंबर २०२१ रोजी आला, आणि संघाने व सार्व्हर यांनी त्याच्या सुमारे दोन आठवडे आधीच आरोप फेटाळणारी निवेदने प्रसिद्ध केली होती. लेख छापून येण्याआधी त्याचे खंडन छापून आले, हा प्रकार वाचकांना गमतीचा वाटेल, पण लिहिणाऱ्याला ते दोन आठवडे झोप लागत नाही.

लीगच्या वकिलांनी पुढे ३२० जणांच्या मुलाखती घेतल्या आणि ८० हजारांहून अधिक कागद तपासले. सप्टेंबर २०२२ च्या अहवालात म्हटले की सार्व्हर यांनी इतरांचे बोलणे सांगताना कृष्णवर्णीयांविषयीचा अत्यंत अपमानास्पद शब्द किमान पाच वेळा उच्चारला आणि महिला कर्मचाऱ्यांशी ते अनुचित वागले. मात्र या वर्तनामागे वंशद्वेष किंवा स्त्रीद्वेष होता असा निष्कर्ष काढता आला नाही. शिक्षा झाली एक वर्षाचे निलंबन आणि १ कोटी डॉलर दंड. म्हणजे बातमीतला बराचसा तपशील लीगच्याच चौकशीत टिकला, आणि तरी मालक मालकच राहिला. त्यानंतर लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस पॉल या नामवंत खेळाडूंनी ही शिक्षा अपुरी असल्याचे उघड सांगितले, सन्सच्या जर्सीवर नाव असलेल्या पेपाल कंपनीने सार्व्हर परतले तर करार वाढवणार नसल्याचे जाहीर केले, आणि आठवडा-दीड आठवड्यात सार्व्हर यांनी संघ विकायला काढला. पुढे मॅट इश्बिया यांनी तो विकत घेतला तेव्हा मूल्यांकन होते ४०० कोटी डॉलर. सार्व्हर यांच्या गटाने २००४ मध्ये सुमारे ४० कोटींना घेतलेला संघ! शिक्षा म्हणावे तर ही अशी.

डॅलस मॅव्हरिक्स संघातील लैंगिक छळाचे प्रकरणही माणसांच्या साक्षीवरच उभे राहिले. जॉन वर्थाइम आणि जेसिका लुथर यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये ते मांडले, स्वतंत्र चौकशीत २१५ साक्षीदारांशी बोलणे झाले, आणि दंडाची कमाल मर्यादा २५ लाख डॉलर असल्याने संघाचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनी महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

याच्या नेमके उलट उदाहरण स्टर्लिंग यांचे, आणि आमच्या व्यवसायाला ते फारसे भूषणावह नाही. तिथे कागद होते, सार्वजनिक होते, आणि तरी कित्येक वर्षे त्यांची बातमी झाली नाही. १९८१ पासून क्लिपर्सचे मालक असलेल्या स्टर्लिंग यांची लॉस एंजेलिस परिसरात भाड्याने दिलेली अनेक घरे होती. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांना घरे नाकारल्याचा दावा अमेरिकेच्या न्याय विभागाने २००६ मध्ये त्यांच्यावर लावला आणि २००९ मध्ये तो २७ लाख २५ हजार डॉलरच्या तडजोडीने मिटला. स्टर्लिंग यांनी दोष मान्य केला नाही. बोमानी जोन्स यांच्यासारख्या मोजक्या लेखकांनी त्याकडे वेळीच लक्ष वेधले होते. लीगने काही केले नाही आणि बहुतेक क्रीडा पत्रकारही सामन्यांचे वृत्तांत लिहीत राहिले. मग २५ एप्रिल २०१४ रोजी टीएमझी या संकेतस्थळाने खासगी संभाषणाची एक ध्वनिफीत प्रसिद्ध केली, त्यात स्टर्लिंग कृष्णवर्णीयांना सामन्याला आणू नकोस असे एका स्त्रीला सांगत होते, आणि चौथ्या दिवशी सिल्व्हर यांनी त्यांना तहहयात बंदी व २५ लाख डॉलर दंड ठोठावला. त्याच वर्षी बामर यांनी २०० कोटी डॉलरना तो संघ घेतला.

घर नाकारल्याने माणसांचे जे नुकसान होते ते एका खासगी वाक्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे आहे, पण न्यायालयीन मसुद्याला आवाज नसतो. ध्वनिफितीने काम झाले याचा आनंद मानावा, पण कोणाच्या तरी खासगी बोलण्याची चोरटी फीत मिळेपर्यंत थांबणे ही पद्धत होऊ नये. हाती असलेल्या कागदातली माणसे शोधून, त्यांच्या दारात जाऊन, त्यांना नाव आणि चेहरा देणे हेच तिथे करायचे राहून गेलेले काम होते.

आकडेवारीने केलेल्या शोधाचे उत्तम उदाहरण पंच टिम डोनाही यांच्या प्रकरणात मिळते. येथेही पहिला धागा बास्केटबॉलमधला नव्हता. एफबीआयचे अधिकारी गँबिनो माफिया टोळीच्या मागावर असताना एका एनबीए पंचाचा उल्लेख त्यांच्या कानी आला, आणि जुलै २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने ती बातमी फोडली. डोनाही यांनी सट्टेबाजांना माहिती पुरवल्याचे कबूल केले. अचूक अंदाजामागे आरंभी त्यांना २,००० डॉलर मिळत. २००८ मध्ये त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. मात्र आपण मुद्दाम चुकीचे निर्णय दिले हे त्यांनी कधी मान्य केले नाही, सरकारी वकिलांनीही तसा पुरावा नसल्याचे म्हटले, आणि पेडोविट्झ अहवालानेही तसेच म्हटले. प्रकरण मिटले असेच सर्वांनी धरले.

त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने, २०१९ मध्ये, ईएसपीएनसाठी स्कॉट ईडन यांनी तेच सामने पुन्हा उकरले. डोनाही यांनी ज्या ४० सामन्यांवर पैसे लावल्याचे मानले जाते त्यांतली प्रत्येक शिट्टी पाहायची, ती कोणत्या संघाच्या बाजूने गेली ते नोंदवायचे, आणि सट्टाबाजारात जास्त पैसा कोणत्या बाजूला होता त्याच्याशी ते ताडून पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. एकतर्फी झालेले १० सामने वगळल्यावर उरलेल्या ३० पैकी २३ सामन्यांत डोनाही यांच्या शिट्ट्यांचा कल ज्या बाजूला जास्त पैसा होता तिकडेच निघाला. लीगने या निष्कर्षाला जोरदार आक्षेप घेतला, आणि पद्धतीवर वाद होऊ शकतो हे मलाही मान्य आहे. पैज कोणत्या बाजूला होती हे बाजाराच्या हालचालीवरून ठरवणे म्हणजे अनुमानच. पण सामन्यांची चित्रफीत आणि बाजारातील दरांचा इतिहास हे दोन्ही साहित्य लीगला २००८ मध्येही उपलब्ध होते.

अभ्यासण्यासारखी आणखी एक युक्ती मे २०१८ मधली. फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स संघाच्या बास्केटबॉल विभागाचे अध्यक्ष ब्रायन कोलँजेलो यांच्याशी संबंधित वाटणारी पाच निनावी ट्विटर खाती होती, आणि त्यांतली काही स्वतःच्याच खेळाडूंची निंदानालस्ती करत होती. ‘द रिंगर’ या संकेतस्थळाच्या बेन डेट्रिक यांनी संघाला मुद्दाम पाचपैकी दोनच खात्यांविषयी विचारले. काही तासांत, ज्यांचा उल्लेखही केला नव्हता ती उरलेली तीन खाती खासगी करण्यात आली. निंदा करणारी खाती त्यांच्या पत्नीची असल्याचे निष्पन्न झाले आणि कोलँजेलो यांनी राजीनामा दिला. प्रश्न विचारतानाच पुरावा निर्माण करण्याची ही कला शिकवता येते, पण तिच्यासाठी आपल्याजवळचे सर्व पत्ते उघड न करण्याचा संयम लागतो.

वाचकाने विचारलेले नसले तरी पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. २०२५-२६ च्या हंगामापासून डिस्ने, एनबीसी युनिव्हर्सल आणि अ‍ॅमेझॉन यांनी सामन्यांच्या प्रक्षेपणासाठी ११ वर्षांत सुमारे ७,६०० कोटी डॉलर मोजण्याचा करार केला आहे, आणि ईएसपीएन डिस्नेचीच. होम्स आणि ईडन यांचे लेख ईएसपीएननेच छापले, म्हणून भागीदार असणे म्हणजे तोंड बंद असणे, असे सरसकट म्हणता येणार नाही. मला जास्त चिंता वाटते ती रोजच्या बातमीदारीची. कोणता खेळाडू कुठे चालला हे इतरांच्या आधी एका मिनिटाने सांगण्यावर ज्यांची सारी प्रतिष्ठा उभी आहे, त्यांना ती माहिती एजंट आणि संघांचे अधिकारीच पुरवतात. त्या एजंटाच्या जुन्या कराराविषयी प्रश्न विचारला की फोन बंद होतो. शोध घेणारा आणि रोजची आतली बातमी देणारा, ही दोन कामे एकाच माणसाकडे नसावीत, असे मी प्रत्येक संपादकाला सांगत आले आहे.

सट्ट्याच्या बाबतीत चित्र अलीकडे वेगळे झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१८ मधील निकालानंतर अमेरिकेच्या अनेक राज्यांत क्रीडा सट्टा कायदेशीर झाला, आणि त्याबरोबर प्रत्येक पैजेची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. टोरंटो रॅप्टर्सचा जाँटे पोर्टर याच नोंदींत सापडला. मार्च २०२४ मधील एका सामन्यात तो अपेक्षेपेक्षा कमी कामगिरी करील यावर कोणीतरी ८० हजार डॉलर लावले होते, जिंकल्यास ११ लाख मिळणार होते. पोर्टर आजारी असल्याचे सांगून तीन मिनिटांत मैदानाबाहेर गेला. सट्टा कंपनीने पैसे रोखले, लीगला कळवले, आणि एप्रिलमध्ये त्याच्यावर आजीवन बंदी आली. पत्रकार येथे नंतर पोहोचले.

टेरी रोझियर या खेळाडूच्या बाबतीतही मार्च २०२३ मधील एका सामन्यावरील विचित्र पैजा सट्टा कंपन्यांनी हेरल्या होत्या. लीगने चौकशी केली आणि नियमभंग आढळला नसल्याचे ठरवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये संघीय तपास यंत्रणांनी त्याच सामन्यावरून त्याला अटक केली. रोझियरने आरोप नाकारले आहेत. लीगची चौकशी प्रामाणिक होती असे गृहीत धरले तरी तिचे हात कुठवर पोहोचतात हे लक्षात घ्यावे लागते. लीग आपल्या खेळाडूचा आणि संघाचा फोन मागू शकते. खेळाडूच्या बालमित्राचा फोन, त्याचे बँक खाते, तिसऱ्याच शहरात पैज लावणाऱ्याचे संदेश ती मागू शकत नाही, आणि फौजदारी प्रकरणात आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणारी नागरिकांची समिती, म्हणजे ग्रँड ज्युरी, ते मागू शकते. पत्रकाराला यांतला कोणताच अधिकार नसतो, पण लीगच्या वकिलाशी न बोलणारा माणूस त्याच्याशी बोलू शकतो, आणि चौकशीची व्याप्ती त्याला कोणी आखून देत नाही. म्हणून यापुढे एखाद्या अहवालात ‘नियमभंग आढळला नाही’ असे वाचाल, तेव्हा पहिल्यांदा त्याची पद्धत सांगणारे पान काढा, आणि कोणाच्या मुलाखती झाल्या, कोणी नकार दिला, कोणाचे फोन तपासले गेले व कोणाचे मागितलेच गेले नाहीत, याची यादी करा. ज्या माणसांपर्यंत चौकशी पोहोचलीच नाही, त्यांच्यापासून तुमचे काम सुरू होते.